एकशे साठच्या पुढची पानं

जोतीराम बाइंडरनं जन्मात पुस्तकं बांधली हजारांनी आणि वाचली फक्त सात. ती सातही त्यानं तिशीच्या आत वाचून टाकली होती. पुढं तीच ती तो फिरून फिरून वाचत राहिला. बारामतीत कसब्याच्या अंगाला त्याचं लहानसं दुकान होतं. आत पुठ्ठ्यांची थप्पी, पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, पानं चिकटवायच्या खळीचं पातेलं आणि स्टोव्ह. बारामती-इंदापूरकडच्या गावोगावच्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं त्याच्याकडं यायची. रोज एवढी पुस्तकं हाताखालून जायची, पण गडी एकाचंही पान उलटून बघायचा नाही. गिऱ्हाइकं गमतीनं म्हणायची, हलवाई कुठं पेढा खातो? जोतीराम हसून वेळ मारून न्यायचा.

खरी गोष्ट अशी, की त्याला नव्या पुस्तकाची धास्ती वाटायची. पुढच्या पानावर काय वाढून ठेवलंय कुणी सांगावं? वाचलेल्या पुस्तकाचं तसं नसतं. तिथं माणूस घरच्या रस्त्यानं चालतो. पहिल्या वेळी तो गोष्टीच्या मागं नुसता धावत असतो, आजूबाजूला काय आहे ते दिसतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी धावायचं कारण उरत नाही. मग एखादी म्हातारी कोपऱ्यात काय पुटपुटली तेही ऐकू येतं. हे सुख ज्यानं घेतलं नाही, त्याला ते समजावून सांगण्यात अर्थ नाही. त्याला वाटतं, एकदा जेवलेल्या ताटावर कशाला बसायचं. अशांनी खुशाल नवीन वाचावं.

सातांतली एक कादंबरी जोतीरामची फार लाडकी होती. तिचं नाव सांगून उपयोग नाही, आज ती कुठं मिळायची नाही. तिच्या शेवटाकडं एक प्रकरण होतं. एक वऱ्हाड रात्री गाड्या जुंपून नवरीच्या गावाला निघतं. गाडीवानासकट सगळ्यांचा डोळा लागतो, आणि बैल आपले सवयीनं ओढ्यावरनं मागं वळून गाड्या घरी आणतात. झुंजूमुंजू होताना वऱ्हाड वेशीत येतं ते स्वतःच्याच गावाच्या. हे कुणाच्या ध्यानात येत नाही. झोपाळलेला वरबाप खाली उतरतो आणि समोर आलेल्या आपल्याच गड्याला व्याही समजून कडकडून मिठी मारतो. गडी मिठीतल्या मिठीत म्हणतो, मालक, म्हशी पिळायच्या ऱ्हायल्यात. जोतीरामनं हे प्रकरण आठ वेळा वाचलं होतं, आणि आठही वेळा तो त्या म्हशींपाशी आला की डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसला होता.

नवव्यांदा त्यानं ते वाचलं १९७४ सालच्या मार्चमध्ये, कळसला, आपल्या गावी, कालव्याच्या भरावावर बसून.

तेव्हा तो बाइंडर नव्हता, शेतकरी होता. कळसला कालव्याला लागून त्यांचा ऊस होता आणि त्या दिवशी पाण्याची पाळी त्यांची होती. उसाला दारं धरायचं काम म्हणजे एका सरीला पाणी सोडायचं, ती भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बांधायचं आणि पुढची फोडायची. एक सरी भरेपर्यंत बराच वेळ मोकळा मिळतो. तेवढ्यात कुणी तंबाखू मळतो, कुणी डुलकी काढतो. जोतीराम पुस्तक वाचायचा. बायको बनाबाई भाकरी घेऊन यायची होती, आणि पाच वर्षांची ठमी बापाबरोबर सकाळीच रानात आली होती. आजीचं, ठमाबाईचं, नाव तिला ठेवलं होतं. आजी म्हणायची, नाव माझं पर पाय वाऱ्याचं. पोरगी बापाच्या पाठीमागं लव्हाळ्याच्या काड्या पाण्यात सोडत बसली होती.

सरी भरली, फुटली, पाणी शेजारच्या रानात गेलं. जोतीरामला पत्ता नाही. तो वऱ्हाडाबरोबर वेशीत उभा होता. म्हशींच्या वाक्याला हसला, पुढंही हसत गेला. मान वर केली तेव्हा पाठीमागं कुणी नव्हतं.

तो उठतोय तोवर बांधावरनं बनाबाई आली. तिनं पहिलं विचारलं, ठमी कुठं हाय. जोतीरामच्या तोंडातनं जे निघालं ते त्यालाही नंतर कधी उमगलं नाही. तो म्हणाला, मी दारं धरत होतो, खालच्या अंगाला हुतो, हितंच असंल की. तासाभरानं खालच्या पुलाजवळ शेजारच्या गेणबाला पोर सापडली. तिच्यात जीव उरला नव्हता.

पण जोतीरामचं ते वाक्य मागं राहिलं. गाव आलं, पावणे आले, प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला घरच्यांनी तेच सांगितलं. बाप बिचारा दारं धरत होता, उसात शिरला होता, त्याला काय दिसणार. सगळ्यांना ते पटलं. पाणी कुणाला चुकलंय, असंच जो तो म्हणाला. बनाबाई काही म्हणाली नाही. ती त्यानंतर वर्षभर फारसं बोलतच नव्हती.

जमीन भावाच्या हवाली करून जोतीराम बारामतीला आला आणि एका म्हाताऱ्या बाइंडरच्या हाताखाली राहिला. म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, लोकांच्या पुस्तकावर शिकायचं नाही, आधी स्वतःचं एखादं उसव आणि शीव. जोतीरामनं तीच कादंबरी नेली. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुज एकावर एक शिवलेले असतात, हे त्याला तेव्हा कळलं. दोरा कापला आणि जुज सुटे झाले. अकरावा जुज हातात आला, पान एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर. सबंध वऱ्हाड त्यात होतं, एक ओळ इकडं नाही की तिकडं नाही. जोतीरामनं तो बाजूला ठेवला आणि दहाव्यावर बारावा शिवला. म्हाताऱ्यानं पुस्तकाच्या पाठीवरनं हात फिरवून बघितलं आणि शिवण बरी जमलीय म्हणाला.

त्या सोळा पानांच्या आठ कागदांचं काय करावं हे जोतीरामला सुचेना. जाळायला हात होईना, घरात ठेवायला छाती होईना. बाइंडरकडं रद्दी कागद कधी वाया जात नाही. पुठ्ठ्याला आतनं अस्तर म्हणून तो चिकटवतात आणि वरनं कोरा कागद लावतात. त्या आठवड्यात आठ पुस्तकं बांधून झाली आणि आठांच्या पुठ्ठ्यांत एकेक कागद गेला. कुठली पुस्तकं, कुठल्या गावची, हे त्यानं मुद्दामच लक्षात ठेवलं नाही. त्याला वाटलं, गेली पीडा.

पीडा अशी जात नसते. वाचनालयाची पुस्तकं दहा-बारा वर्षांनी पुन्हा फाटतात आणि फिरून बाइंडरकडंच येतात. पंच्याऐंशी सालापासून जोतीराम जुना पुठ्ठा जपून सोडवायचा. ओल्या फडक्यानं कागद भिजवायचा, कोपरा उचलायचा, आणि खाली काय आहे ते वाकून बघायचा. बहुतेक वेळा लग्नपत्रिका निघायची, नाहीतर शाळेचे जुने पेपर. एकदा बावड्याच्या वाचनालयाच्या पुस्तकातनं एकशे एकसष्टावं पान निघालं. वऱ्हाड गाड्या जुंपत होतं. जोतीरामनं ते तिथल्या तिथं चोळून खळीत मिसळून टाकलं. पुढं आणखी दोन निघाली, त्यांचंही तेच केलं. पाच अजून बाहेर होती. कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी उशाशी.

बाकीच्या सहा पुस्तकांनी तरी सुख द्यावं की नाही? तीही बदलली होती. म्हणजे अक्षर तेच, गोष्ट तीच, पण जोतीराम रंगात आला की पाठीमागं काडी पाण्यात पडल्यासारखा बारीक आवाज यायचा. तो झटक्यात मान वर करायचा. मागं भिंत असायची. दर पानाला एकदा मान वर करायची, असं त्यानं स्वतःला लावूनच घेतलं. असं वाचून कुणाला गोडी लागणार? तरी त्यानं वाचणं सोडलं नाही. सोडलं तर पोरीला एकटं सोडल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं. सातव्या पुस्तकाला मात्र तो हात लावत नसे. ते घरी फळीवर होतं. फेकून द्यावं तर बनाबाई विचारील म्हणून ठेवलेलं.

मधल्या काळात त्यांना मुलगा झाला, दीपक. तो दहावी करून पुण्याला शिकायला गेला. घरात दोघंच उरली. ब्याण्णव साली गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. त्यांच्या आळीचा वर्ग बुद्धविहारात भरायचा आणि शिकवायला करुणा नावाची मुलगी होती, नुकतीच डी.एड. झालेली. पंचेचाळिशीची बनाबाई पाटी घेऊन तिथं जायला लागली, तेव्हा जोतीरामला कौतुकच वाटलं. चार-सहा दिवसांनी करुणा दुकानावरनं चालली होती, ती थांबून सांगायला लागली.

"तात्या, मी सगळ्या बायकांना विचारलं, कशासाठी शिकायचंय. कुणी म्हणालं सही, कुणी म्हणालं एस्टीची पाटी. बनामावशी म्हणाल्या, एक पुस्तक वाचायचं हाय."

जोतीरामनं विचारलं, कुठलं. करुणा म्हणाली, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मुलगी हसत निघून गेली. जोतीराम खळ ढवळत होता, तो ढवळतच राहिला.

दीड वर्षात बनाबाई जोडाक्षरं ओढत ओढत का होईना वाचू लागली. एका दुपारी तिनं फळीवरनं ते पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि उंबऱ्यात बसून पहिल्या पानाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. दिवसाला एक पान, कधी दीड. वाचताना तिचे ओठ हलायचे. जोतीराम घरी आला की आधी बघायचा तिनं खूण म्हणून घातलेली काडी कुठवर आलीय. चाळीस. सत्तर. एकशे दहा. हे पुस्तक लपवावं, असं त्याच्या शंभरदा मनात आलं. पण लपवलं तर ती विचारणार, का लपवलं. न लपवलं तर ती विचारणार, पानं कुठं गेली. आणि एकदा का पानांचा विषय निघाला की भरावावरची दुपार निघणार. वीस वर्षं ज्या बाईनं त्याला दोन वेळा गरम भाकरी वाढली, ती एका वाक्यात उठून जाईल अशी त्याला भीती होती. आणि ती गेली तर चूक तिची नसेल, हेही तो जाणून होता.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती एकशे साठाला पोचली. जोतीराम त्या दिवशी घरीच होता. तिनं पान उलटलं. आकडे तिला अक्षरांच्या आधी येत होते. ती थांबली, परत मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.

"हितली पानं न्हाईत," ती म्हणाली.

"उंदरानं खाल्ली असतील," जोतीराम म्हणाला.

ती व्हय म्हणाली आणि एकशे सत्त्याहत्तरापासून पुढं वाचायला लागली. कडेनं एवढाही दात न लागलेलं पुस्तक, आणि बरोब्बर मधली सोळा पानं खाणारा उंदीर! एवढा नेमाचा उंदीर बारामतीत तरी कुणी पाहिला नसेल. पण ती काही बोलली नाही. जोतीरामला वाटलं, निभावलं.

पुढच्या महिन्यात पुस्तक संपवून तिनं फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात यायला लागली. घरी करमत नाही म्हणाली. हाताला चांगली चलाख होती. खळ शिजवायला लागली, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालायचा तेही शिकली. जुने पुठ्ठे भिजवून सोडवायचं काम तिनं आपणहून घेतलं. नवीन वाचायला शिकलेल्या माणसाला कुठलाच कागद टाकवत नाही. अस्तरातनं निघालेली प्रत्येक चिठोरी ती वाचायची. कुणाकुणाच्या जुन्या लग्नाची आमंत्रणं तिनं मोठ्यानं वाचली आणि आता ती पोरंबाळंवाली झाली असतील म्हणाली. जोतीराम जमेल तेवढे जुने पुठ्ठे ती यायच्या आधी स्वतः सोडवून ठेवायचा. त्यासाठी तो पहाटेच दुकान उघडायला लागला. तिला म्हणायचा, काम वाढलंय.

पण माणूस किती पहारा देणार? पावसाळा सरता सरता एकदा त्याला इंदापूरला वाचनालयात बोलावलं. तिथले ग्रंथपाल मोहनराव बोलघेवडे होते. पुस्तकांचा गठ्ठा मिळायला एक वाजला, एस्टी मिळायला दोन. चारच्या सुमाराला तो कसब्यात उतरला, तेव्हा लांबूनच त्याला करपल्याचा वास आला. वास त्याच्याच दुकानातनं येत होता.

बनाबाई दाराकडं पाठ करून बसली होती. स्टोव्ह चालू होता, पातेल्यातली खळ जळून काळी झाली होती आणि धूर वर चढत होता. तिचे खांदे हलत होते. तिच्या पुढ्यात माळेगावच्या एका पुस्तकाचा उघडा पुठ्ठा होता आणि हातात ओला, पिवळा पडलेला कागद. जोतीरामनं लांबूनच ओळखला. गठ्ठा त्याच्या खांद्यावरनं खाली आला. त्याला वाटलं, ती रडतीय. त्यानं आधी स्टोव्ह बंद केला, मग तिच्या समोर जाऊन बसला.

बनाबाई हसत होती. पदर तोंडात धरूनही हसू मावत नव्हतं.

"अवो, म्हशी पिळायच्या ऱ्हायल्यात म्हनं," ती म्हणाली, आणि पुन्हा सुटली.

जोतीरामला त्या हसण्याची इतकी भीती वाटली, जितकी आजवर कशाची वाटली नव्हती. त्याला पळून जावंसं वाटलं. पण तो बसूनच राहिला. मग तोच बोलायला लागला. जुज कसा काढला, कागद कुठं कुठं चिकटवले, सगळं. शेवटी ते राहिलेलं एक वाक्य आलं, वीस वर्षं अडकलेलं.

"मी त्या दिवशी दारं धरत नव्हतो."

बनाबाईचं हसू हळूहळू थांबलं. तिनं कागद गुडघ्यावर नीट पसरला.

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी भाकरी घिऊन आले तवा तुमच्या पायाला चिखल नव्हता, आन ह्ये पुस्तक भरावावर पडलं हुतं. दारं धरनाऱ्याचं पाय कोरडं असत्यात व्हय?"

 मग त्यानं विचारलं, तेव्हाच का बोलली नाहीस. वीस वर्षं कशी राहिलीस माझ्याबरोबर.

"बोलून पोर यनार हुती का? पयली दोन-चार वर्सं तुमचं तोंड बघू वाटत नव्हतं. मग तुमी वाचताना सारखं मागं वळून बघायचा, ते बघितलं." तिनं कागदावरनं बोट फिरवलं. "पर एक सल ऱ्हायला. त्या पुस्तकात असं काय हुतं, का पोरगी पान्यात गेली तरी मानूस मान वर करीना. लई ग्वाड काय आसल, का लई वंगाळ. कुनाला इचारू? म्हनलं, आपनच शिकावं. ते वाचल्याबिगर मराचं न्हाय."

"आन?"

बनाबाईनं करपलेल्या पातेल्याकडं बघितलं. दुकानात अजून धूर होता आणि तिचे डोळे लाल झाले होते, पण ते धुरानं की हसण्यानं की आणखी कशानं, ते सांगता आलं नसतं.

"मी खळ ठिवली हुती स्टोव्हवर," ती म्हणाली. "मला वास बी आला न्हाय."

 बाहेरनं एक उसाचा ट्रॅक्टर गेला आणि शिकंज्याची मूठ थरथरली. जोतीराम रडत होता आणि ते त्याला कळत नव्हतं. वीस वर्षांत तो पहिल्यांदा पाठीमागं न बघता बसला होता.

थोड्या वेळानं बनाबाईनं विचारलं, पुढचा कागद कुठं हाय. तो म्हणाला, माहीत नाही, कुठल्यातरी पुस्तकात असंल. मग तिनं विचारलं, तोंडपाठ हाय का. जोतीरामनं होय म्हणून मान हलवली. ती म्हणाली, तर मग सांगा.

जोतीराम सांगायला लागला.  वरबाप मिठी सोडतो, गड्याला मानपानावरनं दम देतो, असंच वागवणार असाल तर वऱ्हाड परत नेतो म्हणतो. तेवढ्यात त्याची स्वतःची म्हातारी आई केरसुणी घेऊन दारात येते आणि म्हणते, ने की मुडद्या, घर हितंच हाय. बनाबाई पुन्हा खुदकन हसली, आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. वाजंत्री वाजवायची थांबतात. म्हातारी बैलांच्या तोंडावरनं हात फिरवते आणि वेशीतल्या सगळ्या माणसांकडं एकेक करून बघते. तिथं जोतीराम थांबला.

"फुडं?" बनाबाईनं विचारलं.

"हितं मी मान वर केली," जोतीराम म्हणाला.